यमुचं दही लागलं नाही

सातवीच्या वर्गात त्या दिवशी एकेचाळीस मुलं हजर होती आणि त्यांतल्या चाळीस जणांचं दही लागलं.

ही पंचाहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. नागपुरात तांडापेठेच्या मागच्या अंगाला आमची महापालिकेची शाळा होती. वर्गातली निम्मी मुलं विणकरांच्या घरची. सकाळी शाळेत येताना प्रत्येक गल्लीतून मागांची खटखट ऐकू यायची, आणि प्रार्थनेला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांच्या केसांत कापसाची पांढरी तूस अडकलेली दिसायची. मी विज्ञान शिकवत होते. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. त्यात दोन लोहचुंबक, स्पिरिटचा एक दिवा आणि तडा गेलेलं एक भिंग. सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतं. त्यामुळे जंतूंचा धडा आला की मी मुलांकडून दही लावून घेत असे.

"बाई, जे दिसतच नाही ते शिकाचं कसं?" कवडूनं विचारलं. हा मुलगा पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागे बसवला तर कोणालाच शिकू द्यायचा नाही.

"संध्याकाळी दूध ठेवलं. सकाळी त्याचं दही झालं. मधल्या वेळात कोण येऊन गेलं?"

"मांजर," कवडू म्हणाला.

वर्ग हसला. मीही हसले. मग आम्ही कामाला लागलो.

दूध सगळ्यांना एकाच चरवीतलं, मी समोर तापवून कोमट केलेलं. विरजण माझ्या घरचं, प्रत्येकाला एक चमचा. भांडं मात्र ज्यानं त्यानं घरून आणायचं. कोणी पितळी वाटी आणली, कोणी कपाची दांडी तुटलेला कप, कोणी मातीचं बोळकं. सगळी भांडी आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात मांडली आणि थंडी असल्यामुळे वर दोन गोणपाटं घातली. एक नियम मी फळ्यावर लिहिला होता : सगळ्यांचं पाहून झाल्याशिवाय कोणी चाखायचं नाही.

सकाळी गोणपाटं काढली. चाळीस भांडी तिरपी केली तरी दही जागचं हललं नाही. एका बोळक्यातलं दूध मात्र डुचमळलं. ते यमुचं होतं.

"बाई, यमुच्या खोकल्याले दही पण भेलं!" कवडू ओरडला.

यमु बोळकं हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. भांडं खाली ठेवावं लागलं असतं ना.

यमुना हेडाऊ तेव्हा बारा वर्षांची होती. अंगानं काडी. तिला दमा होता. थंडी सुरू झाली की तिची छाती वाजायला लागायची, आणि छाती बरी झाली की पोट बिघडायचं. त्या वर्षी दिवाळीपासून ती अडतीस दिवस गैरहजर होती. आदल्याच आठवड्यात तिचे वडील, शालिकराम, शाळेत येऊन गेले होते. उंच, वाकलेला माणूस. हातमागावर लुगडी विणायचे. दारात चपला काढून, टोपी हातात घेऊन ते उभे राहिले.

"बाई, मी पोरीले शाळेतून काढतो," ते म्हणाले.

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पयले जीव, मंग शिक्षण. सकाळच्या थंडीत चालत येते, धूळ खाते, अन् रातभर बसून राहते. घरी राहिली त उबेत राहीन. बसल्या बसल्या कांड्या भरन."

कांडी म्हणजे विणताना मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची छोटी नळी. त्या भरायचं काम विणकरांच्या घरी बाया आणि मुली करतात. शालिकराम वाईट माणूस नव्हते. मुलगी जगावी एवढंच त्यांना हवं होतं. पण वर्गात तासाच्या शेवटी प्रश्न विचारणारी एकच मुलगी होती आणि ती त्यांची होती. हे मला त्यांना कसं सांगावं ते कळेना.

"फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी विज्ञान प्रदर्शन आहे," मी म्हटलं. "तेवढं होऊ द्या."

"अन् मधात दम लागला त?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

"मंग मले काही सांगाचं नाही, बाई."

"नाही सांगणार," मी म्हटलं. शब्द दिला आणि लगेच भीती वाटली.

तर अशी ती यमु, न लागलेलं दही हातात घेऊन वर्गासमोर उभी होती. मी कवडूला बसवलं आणि विचारलं, "तुझं दही का लागलं?"

"लागलं म्हून लागलं."

"म्हणजे तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आज फक्त यमुकडे आहे. दूध तेच, विरजण तेच, कोपरा तोच. मग हिचंच का नाही?"

यमु बोळक्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, आज परत लावू का? याच्यातच?"

"आणि?"

"अन् अजून एक, दुसऱ्या भांड्यात. बाकी सारं सेम."

मी पस्तीस वर्षं शिकवलं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी शेकडो मुलांना सांगितलं असेल. न सांगता ते स्वतः काढणारी मुलं मी बोटांवर मोजू शकते. मी तिला दूध दिलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण मला हसू आवरेना आणि मुलांना वाटलं असतं बाईंना काय झालं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या पेल्यातलं दही लागलं. बोळक्यातलं दूध तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. म्हणजे खोट बोळक्यात होती. यमुनं ते घासून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा आणलं. तरीही दही लागेना. मग ती घरी जाऊन वडिलांसमोर बसली. पुढच्या सकाळी वर्गात येऊन तिनं सांगितलं ते असं :

"बाबाले दाखवलं त बाबा हासले. म्हणे, अवं, हे त मोरचुदीचं बोळकं हाय!"

विणण्याआधी सुताला खळ लावतात. खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ लापशी. तिच्यानं सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. पण खळ दोन दिवसांत आंबते, तिला बुरशी येते आणि सुताला डाग पडतात. म्हणून हेडाऊंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकत आले. निळी, विषारी मोरचूद. ती ज्या बोळक्यात भिजवायचे तेच बोळकं यमुनं माळ्यावरून काढून आणलं होतं. कच्च्या भाजणीच्या मातीनं वर्षानुवर्षं मोरचूद पिऊन ठेवली होती. वरून कितीही धुतलं तरी आतली जाते थोडीच. विणकराच्या घराबाहेर अशी चूक कोणी केली नसती.

"कोणी चाखलं नाही ना यातलं?" मी घाबरून विचारलं.

"नाही बाई. नियम होता ना फळ्यावर."

ते दूध आम्ही शाळेमागे खड्डा करून पुरलं. बोळकं मी कागदात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केलं. मला वाटलं, प्रयोग संपला. छान संपला.

यमुचा संपला नव्हता. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, मोरचूद खळ नासवणाऱ्या जंतूले मारते. पण दह्याच्या जंतूनं तिचं काय बिघडवलं? त्याले पण मारलं."

"तिला कुठं कळतं कोण चांगला, कोण वाईट?"

"मंग माह्या गोळीले कळते का?"

"कोणत्या गोळीला?"

तिनं दप्तरातून कागदाची पुडी काढली. त्यात दोन कॅप्सूल होत्या. टेट्रासायक्लिन. जंतू मारणारं औषध. दम लागला की आई तिला तीन-चार दिवस ती देत असे.

"पोट केव्हा बिघडतं तुझं?" मी विचारलं.

यमु विचार करून म्हणाली, "कॅप्सूल झाल्यावर."

मी तिला काही सांगितलं नाही. मी डॉक्टर नव्हते, आणि शिक्षकानं जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलू नये. मी फक्त म्हटलं, "दह्याला विचारून पाहा."

तिनं पाच सारखे काचेचे पेले घेतले. एकात नुसतं दूध आणि विरजण. दुसऱ्यात त्याच्याबरोबर मीठ. तिसऱ्यात हळद. चौथ्यात मोरचुदीचा कण, तोही मी स्वतः टाकला आणि पेल्याला लाल दोरा बांधला. पाचव्यात कॅप्सूल उघडून तिची पिवळी पूड. सकाळी पहिल्या तीन पेल्यांत दही होतं. चौथ्यात दूध. पाचव्यातही दूध, नुसतं पिवळं झालेलं.

त्याच दुपारी यमुची आई, वच्छलाबाई, पदर खोचून शाळेत आल्या.

"काय वं बाई, औषध दुधात टाकून खेळाले शिकवता का पोट्ट्यायले? मेडिकलवाल्याकडून हात जोडून आणतो मी ते!"

"बसा आधी," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दिली का ती?"

"डाक्टरनंच देल्ली. चिठ्ठी हाय माह्यापाशी."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, उलट्या बाजूनं गोंदपट्टी लावलेली. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

"तेव्हा निमोनिया झाला होता तिले. याच कॅप्सूलनं वाचली पोरगी. तवापासून दम लागला का मी चिठ्ठी दाखवतो, तो देते."

"आणि दही, ताक?"

"दमेकऱ्याले दही? थंड असते ते! सहा वर्षांत बोटभर चाटू नाही देल्लं."

मला त्या बाईचा राग येईना. एका चिठ्ठीनं तिची मुलगी परत दिली होती. ती चिठ्ठी कोण टाकून देईल? मी एवढंच म्हटलं, "प्रदर्शनात पारितोषिकं ठरवायला मुलांचे डॉक्टर येणार आहेत. ही चिठ्ठी त्या दिवशी पाठवा. त्यांनाच विचारू."

वच्छलाबाईंनी पाचवा पेला उचलून उजेडात धरला. तिरपा केला. पिवळं दूध डुचमळलं.

"मरून गेले का सारे याच्यातले?" त्यांनी विचारलं.

"तसंच दिसतं."

"माय वं," त्या म्हणाल्या आणि पेला जपून खाली ठेवला.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना जे व्हायला नको होतं ते झालं. शुक्रवारी यमु आली नाही. दहाच्या सुमाराला शालिकराम आले. हातात तिचा पुठ्ठ्याचा तक्ता होता. त्यावर तिनं पाच पेल्यांची चित्रं काढून खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'औषधाला चांगला जंतू ओळखू येतो का?'

"काल सांजेपासून दम हाय," ते म्हणाले. "हा घ्या तुमचा कागद. तुमचा शब्द होता, बाई."

"होता," मी म्हटलं. "मी काही सांगणार नाही. यमु शाळा सोडेल. पण एक काम आहे, ते तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

"मले? मले काय समजते?"

"हा चौथा पेला. मोरचुदीचा. डॉक्टर विचारतील, खळीत किती टाकता, केव्हा टाकता, नाही टाकली तर काय होतं. मला यातलं काही येत नाही. पुस्तकात नाही. तुम्ही येऊन सांगाल?"

ते टोपी हातात फिरवत राहिले. हा काही माझा डाव नव्हता. मला खरंच येत नव्हतं. कदाचित त्यांना ते दिसलं असेल.

"एवढं त मी सांगू शकतो," ते शेवटी म्हणाले.

रविवारी सकाळी प्रताप नगरातल्या एका शाळेच्या पटांगणात सायकलरिक्षा थांबली. आधी शालिकराम उतरले, मांडीवर सांभाळत आणलेले पाच पेले घेऊन. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मग घोंगडीत गुंडाळलेली यमु उतरली. छातीची शिटी अजून ऐकू येत होती, पण ओठांचा रंग बरा होता.

"मानलीच नाही," शालिकराम मला म्हणाले. "म्हणे, बाबा, तुमी मोरचुदीचं सांगसान, पण बाकीच्या चार पेल्यायचं कोन सांगन?"

मंडपात तीसेक शाळा होत्या. आमच्या एका बाजूला खरा धूर सोडणारा ज्वालामुखी आणि दुसऱ्या बाजूला विजेची घंटा. त्यांच्यापुढे आमचे पाच पेले गरीब दिसत होते. कवडू स्वतःहून आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ओरडून सांगत होता, "इकडे या! न दिसणाऱ्या जंतूचं प्रदर्शन! दिसले त पैसे वापस!" कोणी पैसे दिलेच नव्हते, पण लोक थांबत होते.

डॉक्टर देशकर अकराच्या सुमाराला आमच्यापाशी पोहोचले. सरकारी दवाखान्यात लहान मुलांना तपासायचे. टक्कल, जाड चष्मा, चेहरा थकलेला. यमुनं बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर तिला धाप लागली. डॉक्टर वाट पाहत उभे राहिले. तिसऱ्या वाक्याला खोकला आला. मी पुढे होणार एवढ्यात शालिकराम पुढे सरकले.

"सायेब, हे चौथं माह्याकडं हाय," त्यांनी सांगितलं. "तोवर पोरगी दम घेईन."

आणि त्यांनी सांगितलं. खळ कशी शिजवायची, उन्हाळ्यात किती तासांत वास येतो, पावसाळ्यात किती, बुरशी आधी कडेला कशी धरते, मोरचूद जास्त झाली तर सुताचा रंग कसा हिरवट होतो, आणि ती भिजवलेल्या हाताला जेवणाआधी राख लावून तीनदा का धुवायचं. आयुष्यभर अंगणात केलेलं काम पहिल्यांदाच कोणी मान वाकवून ऐकत होतं.

"हे जंतू मारतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जंतू-बिंतू काही माहीत नाही सायेब. टाकली का नासत नाही, एवढं बापानं दाखवलं."

"तुमच्या वडिलांचं निरीक्षण पक्कं होतं," डॉक्टर म्हणाले. शालिकरामांनी यमुकडे पाहिलं. तिनं हे ऐकलं की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

मग डॉक्टरांची नजर पाचव्या पेल्यावर गेली. "ही कॅप्सूल कोणाची?"

"माही," यमु म्हणाली. आता तिचा श्वास बसला होता. तिनं चिठ्ठी पुढे केली. डॉक्टरांनी तारीख वाचली, यमुला तोंड उघडायला सांगितलं, त्या कॅप्सूलनं दातांवर पडलेल्या पिवळसर रेषा पाहिल्या. तिथंच पटांगणातल्या खुर्चीवर बसवून तिच्या छातीला आणि पाठीला कान लावला.

"ही चिठ्ठी निमोनियाची आहे," ते शालिकरामांना म्हणाले. "तेव्हा बरोबर होती. तिनं मुलगी वाचली. पण दमा म्हणजे निमोनिया नव्हे. दर वेळी ही देऊन दम्याला काही उपयोग नाही, आणि आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं काय होतं ते तुमच्या मुलीनं इथं मांडूनच ठेवलंय. झोपते कुठं ही?"

"मागाच्या खोलीत. उबेचं असते म्हून."

"आणि तिथंच कांड्या भरल्या जातात? तूस उडते?"

"उडतेच ना, सायेब."

"रात्रभर ती तूस हिच्या छातीत जाते. हिला आधी त्या खोलीतून बाहेर काढा. मंगळवारी दवाखान्यात आणा, दम्याचं औषध वेगळं असतं."

थंडीपासून वाचवायला ज्या खोलीत मुलीला ठेवलं, जिथं तिला आता कायमचं बसवणार होते, तिथंच तिचा दम अडकत होता. शालिकरामांनी घोंगडीवरची तूस बोटांनी वेचायला सुरुवात केली.

"आणि दही?" मी विचारलं.

"दुपारी खाऊ द्या, पोटाला बरं. पण दह्यानं दमा जाईल असं मी म्हणत नाही हं. कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका."

डॉक्टर वहीत गुण मांडून पुढे निघाले होते. तेवढ्यात यमु म्हणाली, "सर, एक इचारू का?"

"विचार."

"निमोनिया झाला तवा कॅप्सूल घेतली. त्याच्या पुढच्याच थंडीत दमा सुरू झाला. पोटातले चांगले जंतू गेले, म्हून त दमा झाला नसन ना?"

डॉक्टर थांबले. "एकामागून एक झालं म्हणजे एकामुळं दुसरं झालं, असं नसतं, बाळ."

"ते माहीत हाय सर. म्हून त इचारून राहिली. दह्याचं होतं त मी भांडं बदलून पाहिलं. माणसाचं पोट कसं बदलून पाहाचं?"

डॉक्टरांनी वही मिटली. चष्मा काढून पुसला. मग ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, जसा एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाशेजारी बसतो.

"मी एका मासिकात वाचलंय," ते म्हणाले, "की काही उंदीर जन्मापासून एकही जंतू लागू न देता वाढवले. तुला वाटेल ते अगदी धडधाकट निघाले असतील. उलट, रोगाशी लढायची त्यांच्या शरीराची ताकद कच्ची राहिली. म्हणजे पोटातल्या जंतूंकडून शरीर काहीतरी शिकत असावं. पण दमा? लहान मुलांचा दमा?" त्यांनी मान हलवली. "मला माहीत नाही."

"मंग कोणाले माहीत हाय?"

"माझ्या माहितीत कोणालाच नाही. मला हा प्रश्न कॉलेजात कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नाही."

मंडपात ज्वालामुखीनं धूर सोडला, टाळ्या पडल्या. आमच्यापाशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. शिक्षकाला पगार असतो, पेन्शन असतं, निरोपाच्या दिवशी नारळ मिळतो. आपल्या वर्गातल्या मुलीनं जाणत्या माणसाला प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हणायला लावणं, हे त्यांतल्या कशात बसत नाही.

पहिला नंबर विजेच्या घंटेला मिळाला, दुसरा ज्वालामुखीला. आम्हाला काही मिळालं नाही. कवडू भयंकर चिडला. "घंटी त आमच्या शाळेत पण हाय, बाई! नत्थूजी रोज वाजवते!" नत्थूजी आमचे शिपाई. यमु हसली आणि हसताना तिला खोकला आला नाही.

परत जाताना मी त्यांच्याबरोबर गल्लीपर्यंत गेले. कारण मला मी दिलेला शब्द आठवत होता, आणि शालिकरामांनी काय ठरवलं ते अजून कळलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शेजारचे मारोतराव खाटेवर बसून सूत उकलत होते.

"काय गा शालिकराम, आला का पोट्टीचा नंबर?"

शालिकराम रिक्षातून उतरले. पेले एकेक करून खाटेच्या कडेला मांडले.

"नंबर नाही आला," ते म्हणाले. "पण डाक्टर नापास झाला."

"म्हंजे?"

"माह्या पोरीनं सवाल इचारला, त्याले आला नाही. एवढा मोठा डाक्टर! खुर्चीवर बसून गेला."

"बाबा, नापास नाही झाले ते," यमु कासावीस होऊन म्हणाली. "ते म्हणे, माहीत नाही."

"तेच ते."

"तेच नाही, बाबा! कोणालेच माहीत नाही म्हणे."

"घ्या!" शालिकराम मारोतरावांना म्हणाले. "कोणालेच माहीत नाही. साऱ्या दुनियेत."

मारोतरावांनी सूत मांडीवर ठेवलं. "मंग आता काढत नाही का शाळेतून? परवा त म्हणत होता. कांड्या कोन भरन?"

शालिकराम आता माझ्याकडे पाहतील आणि मला माझ्या शब्दाची आठवण देतील, असं मला वाटलं. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या घराच्या दाराकडे पाहत होते. वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"कांड्या मी भरन," ते जरा मोठ्यानं म्हणाले, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "अन् यमुची खाट आजच्या आज बाहेरच्या खोलीत काढा. उद्या सकाळी शाळा हाय तिची."